जबानी लिहून घेणाऱ्यांविषयी : प्रस्तावना

ज्या कचेरीत माणसे आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवसाची हकीकत सांगावयास येतात, आणि ती हकीकत विहित नमुन्यात, रकान्यांत बसवून, तारीख, वेळ, ठिकाण व पंचांच्या सह्या यांसह कागदावर उतरल्याखेरीज त्यांना न्याय, मदत वा नुकसानभरपाई यांपैकी काहीच मिळू शकत नाही, त्या कचेरीत त्या हकीकतीला एक पहिला श्रोता असतो. तो कधी पोलीस ठाण्यातील अंमलदार असतो, कधी तलाठी, कधी महिला उपनिरीक्षक, कधी सत्र न्यायालयातील लघुलेखक, कधी पीडित महिलांसाठीच्या सखी केंद्रातील समुपदेशक, कधी शवविच्छेदनाची टिपणे उतरवून घेणारा कारकून. जबानीच्या तळाशी 'समक्ष' असे लिहून त्याखाली त्याची सही असते; वर जे काही लिहिलेले असते ते दुसऱ्याचे असते, आणि तो कागद दप्तरात गेला की सरकारच्या दृष्टीने त्याचा त्या हकीकतीशी असलेला संबंध संपतो. तो तसा संपत नाही, हे त्याच्या घरातील माणसे जाणतात. रात्री दिवा मालवू न देणारा, मुलीला शाळेत सोडून आल्यावर पुन्हा एकदा फाटकापर्यंत जाऊन पाहून येणारा, सणासुदीच्या पंगतीतून मध्येच उठून अंगणात जाऊन उभा राहणारा हा मनुष्य पूर्वी असा नव्हता, इतकेच त्यांना सांगता येते. प्रस्तुत पुस्तिका या मनुष्याविषयी आहे.

पुस्तिका लहान आहे, आणि ती मुख्यतः कार्यालयप्रमुखांसाठी लिहिली आहे. या विषयावर आजवर जे थोडेबहुत सांगितले जाते ते बहुधा खुद्द कर्मचाऱ्यालाच उद्देशून असते: मन खंबीर ठेवा, कचेरीतले कचेरीत ठेवून घरी जा, प्राणायाम करा, एखादा छंद लावून घ्या. या उपदेशात खोटे काही नाही, आणि त्याचा काहींना उपयोगही होतो. परंतु तो करणारा, नकळत का होईना, असे गृहीत धरून चालतो की दुसऱ्याचे दुःख ऐकून ज्याची झोप उडाली त्याच्या मनाच्या घडणीतच काही उणीव असली पाहिजे. आणि हे गृहीत एकदा मान्य झाले की ज्या कचेरीने त्याला ते ऐकावयास बसवले तिच्याकडे कोणतीच जबाबदारी उरत नाही. माझा आक्षेप या गृहीतावर आहे. कापडगिरणीच्या ब्लोरूममध्ये वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या छातीत कापसाची धूळ साचते ती त्याचा पिंड नाजूक असतो म्हणून साचत नाही, त्या जागी हवेतच धूळ असते म्हणून साचते. आणि कारखान्यांच्या कायद्याने त्या विकाराला व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातले तेव्हा कामगाराने श्वास कमी घ्यावा असे कोणी सुचवले नाही. दुःखाची नोंद घेणे हेच ज्यांचे काम आहे त्यांच्या मनाला होणारी इजा ही त्या कामातूनच उद्भवते, म्हणून तिच्या निवारणाचा भार काम देणाऱ्याने उचलला पाहिजे, एवढे एकच म्हणणे या पुस्तिकेच्या मुळाशी आहे.

या इजेकडे शास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. युद्ध, भूकंप, बलात्कार, भीषण अपघात यांतून वाचलेल्या माणसाच्या मनात तो प्रसंग पुनःपुन्हा जागा होत राहतो, या अनुभवाला आघातोत्तर विकार म्हणून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत स्थान दिले ते १९८० साली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९० मध्ये, लिसा मॅकॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी आपली दृष्टी रुग्णावरून उचलून त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसलेल्या चिकित्सकाकडे वळवली. अत्याचारांच्या हकीकती दीर्घ काळ ऐकत राहणाऱ्याच्या मनात जगाविषयीची जी मूलभूत गृहीतके असतात, की आपण व आपली माणसे साधारणतः सुरक्षित आहोत, शेजारी विश्वासू असतो, घटनांवर आपला काही एक ताबा चालतो, तीच हळूहळू ढासळत जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९५ मध्ये चार्ल्स फिगली यांनी या सहवेदनेच्या शिणावर एक ग्रंथ सिद्ध केला आणि तेव्हापासून परिचारिका, समाजसेवक, अग्निशामक, वकील अशा एकेका व्यवसायाकडे संशोधकांचे लक्ष जाऊ लागले. शेवटी २०१३ साली त्याच निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत असे स्पष्ट नमूद झाले की मृतदेहांचे अवशेष गोळा करणारा कर्मचारी किंवा बालकांवरील अत्याचारांचे तपशील वारंवार हाताळणारा पोलीस अधिकारी, यांना स्वतःवर काहीही न गुदरता हाच विकार होऊ शकतो. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहणाऱ्याला हे कलम लागू नाही. ते पाहणे हा ज्याच्या नोकरीचा भाग आहे त्याला मात्र लागू आहे. नोकरीचा हा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या एका अटीने हा प्रश्न दवाखान्याच्या खोलीतून उचलून कामाच्या जागेवर आणून ठेवला.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे, नाही तर उपाय चुकीच्या जागी केले जातात. कामाच्या अतिभाराने माणूस थकतो, निरुत्साही होतो, त्याला कचेरीचा कंटाळा येतो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेचे वर्णन केले, आणि जागतिक आरोग्य संघटना आज तिची गणना रोगात न करता व्यवसायाशी निगडित अवस्थेत करते. अशी थकलेली व्यक्ती पंधरा दिवसांच्या अर्जित रजेवर कोकणात जाऊन आली की बरीचशी पूर्ववत होते. परंतु ज्याच्या मनात दुसऱ्याने सांगितलेले दृश्य रुतून बसले आहे तो कोकणात गेला तरी ते दृश्य त्याच्याबरोबर जाते. किंबहुना हाताला काम नसल्यामुळे तेथे ते अधिकच ठळक होते. अशा माणसाचे काम कमी असू शकते, वरिष्ठ चांगले असू शकतात, पगार वेळेवर होत असू शकतो, आणि तरीही एका दुपारी ऐकलेल्या चार वाक्यांनी त्याचे वर्ष नासून जाऊ शकते. दोन्ही अवस्था एकत्र येतात तेव्हा तर पहिली दिसते आणि दुसरी तिच्या आड झाकली जाते. वरिष्ठ रजा मंजूर करतात आणि आपले कर्तव्य झाले असे समजतात.

आपल्याकडे ही इजा कशी घडते हे पाहावयाचे तर परदेशी ग्रंथांपेक्षा आपले कायदे व आपले नमुने उघडून पाहावेत. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा घ्या. त्या कायद्यानुसार बालकाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावयाची असते. ती घेणारी शक्यतो उपनिरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेली महिला अधिकारी असावी, तिने गणवेश घालू नये, आणि बालक ज्या शब्दांत बोलेल त्याच शब्दांत, त्याच्या विश्वासातील माणसाच्या उपस्थितीत, ती उतरवून घ्यावी. यांतील प्रत्येक तरतूद योग्य आहे आणि त्यांतील एकही सैल करावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु या तरतुदींचा भार ज्या एका व्यक्तीवर एकवटतो तिचा विचार कोणी केला? पूर्वीचा हवालदार फिर्याद लिहिताना सरकारी भाषेच्या आडोशाला उभा असे; 'सदर इसमाने गैरकृत्य केले' असे एक वाक्य लिहिले की घडलेली गोष्ट कागदावर येई आणि तिचा दाह मात्र त्या ठराविक शब्दांत विझून जाई. नव्या कायद्याने हा आडोसा काढून घेतला, आणि बालकाच्या हितासाठी तो काढणे आवश्यकच होते. आता सात वर्षांची मुलगी, आईच्या पदराचे टोक बोटाला गुंडाळीत, ज्या शब्दांत सांगते, आणि तिला शब्द ठाऊक नसतात तेथे ज्या खुणा करते, त्या सगळ्या त्या अधिकारी स्त्रीला जशाच्या तशा, त्यातला एकही शब्द न बदलता, लिहून घ्यावयाच्या असतात. लिहिताना थांबता येत नाही, कारण आपण थांबलो की मूल घाबरते. डोळ्यांत पाणी येऊन चालत नाही, कारण मग मूल बोलायचे थांबते. आणि हे एकदाच होत नाही. दोषारोपपत्र तयार करताना ती जबानी पुन्हा वाचावी लागते, सरकारी वकिलांशी चर्चा करताना पुन्हा, आणि तारखांमागून तारखा पडत जाऊन साक्षीचा दिवस उजाडतो, तेव्हा आदल्या रात्री आणखी एकदा. बालकाला तेच तेच पुन्हा सांगावे लागू नये म्हणून कायद्याने मोठी काळजी घेतली. ती पुनरावृत्ती ज्या कपाटात जाऊन बसली त्याची किल्ली त्या अधिकारी स्त्रीच्या कमरेला आहे.

त्यात पुन्हा ठाण्यात महिला उपनिरीक्षक एकच असली तर अशी प्रत्येक फिर्याद तिच्याच टेबलावर येते. ती हे काम चांगले करते, मुले तिच्याजवळ बोलतात, हे एकदा वरिष्ठांच्या ध्यानात आले की शेजारच्या ठाण्यातूनही तिला बोलावणे येऊ लागते. जो मनुष्य कामचुकार आहे त्याचे मन शाबूत राहते आणि ज्याला ऐकण्याची कला अवगत आहे तो त्या कलेपायीच मोडतो, ही गोष्ट मी इतक्या कचेऱ्यांत पाहिली आहे की तिला अपवाद म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

तलाठ्याची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे, आणि तिच्याविषयी तर कोणी काही लिहिलेलेच फारसे आढळत नाही. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की अकस्मात मृत्यूची नोंद पोलीस घेतात. परंतु सानुग्रह मदतीच्या प्रकरणाचे कागद जमविण्याचे काम महसूल खात्याकडे, म्हणजे अंतिमतः सजाच्या तलाठ्याकडे येते. २००५ च्या अखेरीस शासनाने ठरविलेल्या योजनेनुसार वारसाला एक लाख रुपये मिळावयाचे, त्यांतील तीस हजार तातडीने आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. मात्र नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे कर्ज, आणि त्या कर्जाचा तगादा ही कारणे कागदोपत्री सिद्ध झाली पाहिजेत, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते प्रकरण पात्र ठरविले पाहिजे. म्हणून तलाठ्याला त्या घरी जावे लागते. ओसरीवर चार माणसे गुडघ्यात मान घालून बसलेली असतात, आतल्या दाराशी ती बाई. दीर प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा, पासबुक, सोसायटीची नोटीस, कृषी सेवा केंद्राची उधारीची पावती असे एकेक काढून समोर ठेवतो. तलाठी विचारतो, "वहिनी, बाकीचं कर्ज कोणाचं होतं?" ती गावातल्याच एकाचे नाव सांगते. "त्याचा काही कागद?" "कागद कशाचा, भाऊसाहेब? तोंडीच होतं सगळं." त्या उत्तराचा अर्थ त्या ओसरीवर फक्त एकाच माणसाला कळलेला असतो. परवाना नसलेल्या माणसाने तोंडी दिलेले कर्ज रकान्यात बसत नाही. आणि मेलेला मनुष्य खरीप पाहणीच्या वेळी ज्या तलाठ्याबरोबर बांधावर बसून चहा प्यालेला असतो, त्याच तलाठ्याला काही आठवड्यांनी 'अपात्र' असा शेरा असलेले पत्र त्याच घरी पोचवावे लागते.

या तलाठ्याच्या मनाला झालेली इजा निव्वळ ऐकण्याची नाही. आपल्या हातून अन्याय घडला, किंवा घडत असलेला अन्याय आपल्याला थांबवता आला नाही, अशी बोचणी तीत मिसळलेली आहे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञांनी अशा नैतिक जखमेचा विचार १९९४ च्या आपल्या ग्रंथात मांडला. तो आपल्या महसूल खात्याला इतका लागू पडेल अशी कल्पना त्यांनी केली नसेल. अशा माणसाला समुपदेशन उपयोगी पडते, परंतु त्याहून उपयोगी पडते ते आपल्या अहवालात दोन ओळी अधिक लिहिण्याचा अधिकार असणे, अपात्रतेविरुद्ध फेरविचाराची शिफारस करता येणे, आणि ते पत्र घेऊन त्या घरी एकट्याने न जाता मंडळ अधिकाऱ्यासह जाणे. मनाची काळजी आणि कार्यपद्धतीची सुधारणा या दोन गोष्टी पुष्कळदा एकच असतात.

मोठ्या आपत्तीत हेच एकदम शेकडो जणांच्या वाट्याला येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी परिसरात जो भूकंप झाला त्यात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. ढिगारे उपसणाऱ्या जवानांचे व स्वयंसेवकांचे कौतुक झाले, ते यथार्थच होते. परंतु मृतांच्या याद्याही कोणी तरी केल्या. एकाच घरातील सात नावे एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे वय घातले, वारस कोण हे विचारले, आणि वारसच उरला नसेल तर तसे लिहिले. त्या याद्या आजही दप्तरात असतील. माळीणला ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला तेव्हाही, आणि इर्शाळवाडीला जुलै २०२३ मध्येही, याद्या झाल्याच.

इजा झाली आहे हे ओळखावे कसे, असा प्रश्न कार्यालयप्रमुख विचारतात, आणि त्यांची अपेक्षा बहुधा अशी असते की असा कर्मचारी रडेल, किंवा निदान तक्रार करील. तो यांपैकी काहीच करत नाही. ज्याच्या जबान्या पूर्वी चार-चार पाने होत त्याच्या आता दीड पानात आटोपू लागतात, कारण पुढचा प्रश्न विचारला तर पुढचे उत्तर ऐकावे लागेल. ज्याच्याजवळ बायका मोकळेपणाने बोलत तो फिर्यादीलाच टाकून बोलू लागतो, "मग तू गेलीस कशाला?" असे विचारतो, आणि हा त्याचा स्वभावच आहे असे समजून आपण त्याच्यावर ठपका ठेवतो. कोणी उगीचच प्रकरणे प्रलंबित ठेवतो. कोणी उलट रात्री दहापर्यंत कचेरीत बसून राहतो, कारण घरी गेल्यावर आपल्याच मुलाला जवळ घेताना त्याला ऐकलेले आठवते. मद्याचे प्रमाण वाढते. घरच्या माणसांवर बंधने वाढतात. यांतील काही लक्षणे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र आहेत, आणि जबानी अर्धवट राहिली तर फिर्यादीचे नुकसान होते, हे विसरून चालणार नाही. ज्याची काळजी घेतली जात नाही तो पुढच्या दुःखिताची काळजी घेऊ शकत नाही, म्हणून हा प्रश्न कर्मचाऱ्याच्या सुखाइतकाच जनतेच्या न्यायाचा आहे.

नियोक्त्याची जबाबदारी किती, याचा एक निर्णय ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, आणि पुस्तिकेत त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे ते योग्यच झाले. व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारी अभियोग कार्यालयात लैंगिक गुन्ह्यांसाठी एक खास शाखा आहे. तेथे २००९ पासून काम करणारी एक महिला वकील, बालकांवरील अत्याचारांचे खटले एकामागून एक चालवता चालवता, स्वतःच्या मुलांविषयी अनावर भीतीने ग्रासली गेली आणि पुढे आघातोत्तर विकार व नैराश्य यांनी आजारी पडली. २०११ च्या एप्रिलमध्ये त्या शाखेतील कर्मचाऱ्यांनी कामाच्या भाराविषयी वरिष्ठांना लेखी निवेदन दिले होते. या खटल्यात मला सर्वांत बोधप्रद वाटते ते हे, की अशा इजेबाबतचे धोरण त्या कार्यालयाकडे छापील स्वरूपात होते. धोक्याची जाणीव होती, उपाय लिहिलेले होते, आणि ते सारे कपाटात होते. खालच्या अपील न्यायालयाने, बदली देऊ केली असती तरी तिने ती स्वीकारली नसती असे मानून राज्याची सुटका केली. उच्चतम न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि राज्याला जबाबदार धरले. आवडीने, निष्ठेने, न कुरकुरता काम करणारा कर्मचारी स्वतःहून बदली मागणार नाही, हे त्या कामाचे स्वरूप जाणणाऱ्या नियोक्त्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. म्हणून विचारपूस त्याच्या बाजूने सुरू व्हावयास हवी. खासगी क्षेत्रातही वारे याच दिशेने वाहत आहे. फेसबुक कंपनीने २०२० साली, हिंसेची व अत्याचाराची छायाचित्रे दिवसभर पाहून ती काढून टाकणाऱ्या अमेरिकेतील कामगारांच्या दाव्यात, ५.२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

मग करावयाचे काय? येथे एक इशारा आधी देणे प्राप्त आहे. मोठी दुर्घटना घडली की दुसऱ्या दिवशी सर्वांना एका सभागृहात बसवून, प्रत्येकाने काय पाहिले व काय वाटले ते सर्वांसमक्ष सांगावयास लावण्याची एक पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये सुचवली आणि ती जगभर लोकप्रिय झाली. तिच्यामागील हेतू उदात्त होता. परंतु पुढे अशा एकवेळच्या बैठकांची जी काटेकोर तपासणी झाली तीत त्यांचा आघातोत्तर विकार टाळण्यास उपयोग होत असल्याचे दिसले नाही, आणि काहींच्या बाबतीत तर अपाय होण्याची शक्यता आढळली. ज्याला बोलावयाचे नाही त्याला बोलावयास लावणे म्हणजे त्याच्याकडून दुसरी जबानी घेणे. एक व्याख्यान, एक फलक आणि चहापान असा कार्यक्रम उरकून 'कर्मचारी कल्याण' या रकान्यात खूण करणाऱ्या कार्यालयप्रमुखांनी तो खर्च वाचवावा.

त्यापेक्षा समाजकार्याच्या परंपरेतून पुष्कळ घेण्यासारखे आहे. १९८४ साली मुंबई पोलीस आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात बसून, मारहाण होऊन आलेल्या बाईचे आधी ऐकून घेणारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती, ही कल्पना तेथून राज्यभर पसरली. समाजकार्याच्या शिक्षणातच असे शिकवले जाते की कार्यकर्त्याने ठराविक दिवशी आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यासमोर बसून आपली प्रकरणे उलगडावीत: कोठे अडलो, कोणते प्रकरण मनातून जात नाही, कोणत्या बाईचा राग आला व का. हे नियमित असते, दुर्घटना घडण्याची वाट पाहत नाही, आणि यात कमीपणा मानला जात नाही, कारण ज्येष्ठ कार्यकर्तीही स्वतः दुसऱ्या कोणासमोर अशीच बसते. त्याच आवारात, भिंतीपलीकडे बसणाऱ्या उपनिरीक्षकाला असा तास नाही. त्याला गुन्हे आढावा बैठक आहे, जिच्यात किती प्रकरणे निकाली काढली याचा हिशेब द्यावा लागतो.

असा तास सुरू करताना एक अडचण हटकून येते, आणि ती दूर केल्याशिवाय बाकीचे सारे व्यर्थ आहे. जो अधिकारी वार्षिक गोपनीय अहवाल लिहितो त्याच्याजवळ कोणीही मन मोकळे करणार नाही. आपल्या खात्यांत 'याचे डोके ठिकाणावर नाही' ही कुजबुज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास एक दुपार पुरते, आणि ती पदोन्नतीच्या यादीपर्यंत पोचते अशी प्रत्येकाची खात्री असते. म्हणून ऐकणारा मनुष्य अहवाल लिहिणाऱ्यांच्या साखळीबाहेरचा असावा, त्याने नावनिशी टिपण ठेवू नये, आणि रजेच्या अर्जावर कारण 'घरगुती' असे लिहिले तर त्यापुढे प्रश्न विचारू नये. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे आणि तो क्रमांक प्रत्येक कचेरीत दिसेल असा लावावा. परंतु क्रमांक लावला म्हणजे आपली जबाबदारी दूरध्वनीवर सोपवली असे मानू नये.

कंत्राटी कर्मचाऱ्यांविषयी थोडक्यात पण ठासून सांगितले पाहिजे. सखी केंद्रातील समुपदेशक, १०८ च्या रुग्णवाहिकेवरील डॉक्टर व चालक, शवागारातील रोजंदारीचे परिचर, ही माणसे सर्वांत जास्त पाहतात व ऐकतात, आणि यांच्यापैकी पुष्कळांना मानधन मिळते तेही उशिरा. जिला तीन महिने मानधन मिळालेले नाही तिच्या मनःस्वास्थ्यासाठी शिबिर भरविणे मला क्रूर वाटते. आधी मानधन द्यावे.

या कामातून माणसे केवळ मोडतातच असे नाही. पिलार हर्नांडेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबियात, राजकीय हिंसाचार व अपहरण यांतून सुटलेल्यांवर उपचार करणाऱ्या चिकित्सकांशी बोलून २००७ मध्ये असे दाखवले की उद्ध्वस्त झालेली माणसे पुन्हा उभी राहताना पाहून पाहणाऱ्यालाही बळ येते. परंतु त्यासाठी ती उभी राहताना दिसावी लागतात, आणि आपल्या व्यवस्थेत नेमके तेच होत नाही. उपनिरीक्षक जबानी घेते, मूल बालकल्याण समितीकडे जाते, खटला विशेष न्यायालयात जातो, अधिकाऱ्याची बदली होते; आठ-नऊ वर्षांनी त्या मुलीने दहावीची परीक्षा दिली हे तिला कोण सांगणार? तिच्या मनात ती मुलगी सात वर्षांचीच राहते, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसलेली. मुलाची गोपनीयता राखून, नाव वा पत्ता न देता, 'अमुक गुन्हा क्रमांकातील बालक सुस्थितीत असून शिक्षण चालू आहे' अशी एक ओळ जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मूळ तपासी अधिकाऱ्याला वर्षातून एकदा कळविण्यात कोणताही खर्च नाही. या पुस्तिकेतील सर्व सूचनांपैकी एकच अमलात आणता आली तर मी हीच निवडीन.

पुस्तिकेच्या अखेरीस कामवाटपाच्या आदेशाचा एक नमुना मसुदा जोडला आहे. त्यात एका कर्मचाऱ्याकडे लागोपाठ किती जबान्या द्याव्यात, दोन जबान्यांमध्ये किती अवकाश असावा, जुन्या जबान्या वाचण्याचे काम रात्रपाळीला का देऊ नये, आणि सहा महिन्यांनी पाळी कशी बदलावी, हे कलमवार दिले आहे. कार्यालयप्रमुखांनी तो जसाच्या तसा सहीला ठेवू नये. आपल्या मनुष्यबळाशी ताडून पाहावा. ज्या ठाण्यात महिला अधिकारी एकच आहे तेथे पाळी बदलण्याचे कलम लागू करता येणार नाही. तेथे शेजारच्या ठाण्याशी आलटून पालटून काम वाटून घेण्यास अधीक्षकांची मंजुरी लागेल, आणि ती मागण्याच्या अर्जाचा मसुदाही त्याच परिशिष्टात दिला आहे.